छोटा व्यवसाय चालवताना होणाऱ्या सामान्य चुका आणि त्या टाळण्याचे मार्ग

पथविक्रेते, हातगाडीधारक, घरगुती उद्योग करणारे आणि लहान दुकानदार यांच्यासाठी

पीएम स्वनिधी, मुद्रा किंवा अशाच एखाद्या योजनेतून कर्ज मिळाले की काम संपले, असे अनेकांना वाटते. खरे काम त्यानंतर सुरू होते. पहिले कर्ज लहान असते. त्याचा मोठा फायदा असा, की ते वेळेवर फेडल्यास बँकेत तुमची पत तयार होते आणि पुढचे मोठे कर्ज मिळू शकते. हप्ते चुकले तर हा रस्ता बंद होतो आणि पुन्हा सावकाराकडे जावे लागते.

हप्ता चुकण्याचे कारण दर वेळी धंदा कमी होणे हेच नसते. गल्ल्यातला पैसा घरखर्चात जाणे, दर अंदाजाने ठरवणे, उधारी अडकणे, कागद वेळेवर न करणे अशी साधी कारणे असतात. या लेखात अशा चुका आणि प्रत्येकीवर काय करावे, हे दिले आहे.

कोणती योजना कोणासाठी?

चुकीच्या योजनेत अर्ज केल्यास वेळ जातो आणि अर्ज नाकारला जाऊ शकतो. म्हणून आधी हे पाहा:

- पीएम स्वनिधी: पथविक्रेत्यांसाठी. योजना १ जून २०२० रोजी सुरू झाली. २०२५ मध्ये तिची फेररचना झाली आणि कर्जवाटपाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवण्यात आली. आता पहिले कर्ज १५,००० रुपयांपर्यंत, दुसरे २५,००० रुपयांपर्यंत आणि तिसरे ५०,००० रुपयांपर्यंत मिळते. तारण लागत नाही.
- प्रधानमंत्री मुद्रा योजना: शेतीव्यतिरिक्त लहान उत्पादन, व्यापार आणि सेवा व्यवसायांसाठी. शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. तरुण गटातील कर्ज व्यवस्थित फेडलेल्यांना 'तरुण प्लस'मध्ये २० लाखांपर्यंत मिळू शकते. या कर्जांनाही तारण लागत नाही.
- पीएम विश्वकर्मा: सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, चर्मकार, न्हावी, गवंडी अशा १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांसाठी. कर्ज दोन टप्प्यांत मिळते: आधी १ लाखापर्यंत आणि नंतर २ लाखांपर्यंत. कारागिराला ५ टक्के व्याज द्यावे लागते. कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. स्वनिधी किंवा मुद्रा कर्ज आधी घेतले असेल, तर ते पूर्ण फेडलेले असावे लागते.

चूक १: घरचा आणि धंद्याचा पैसा एकत्र ठेवणे

सर्वांत जास्त नुकसान या चुकीमुळे होते. सकाळी माल आणायला गल्ल्यातून पैसे घेतले, दुपारी मुलाची फी त्यातूनच भरली, संध्याकाळी किराणा आणला. महिनाअखेरीस विक्री चांगली झालेली असते, पण हातात काही नसते. पैसा कुठे गेला हेही सांगता येत नाही.

काय करावे:

- धंद्याच्या पैशासाठी वेगळा डबा आणि शक्य असल्यास वेगळे बचत खाते ठेवा. दुकानावरचा क्यूआर कोड त्याच खात्याला जोडा. नातेवाइकांचे पैसे, भाडे, भिशी यांचे व्यवहार त्या खात्यातून करू नका.
- स्वतःचा 'पगार' ठरवा. रोज किंवा आठवड्याला ठरलेली रक्कमच घरी न्या.
- आजारपणासारख्या अडचणीत धंद्यातून जास्त पैसे घ्यावेच लागले, तर 'घरखर्चासाठी उचल' अशी वहीत नोंद करा. ते पैसे परत धंद्यात टाकायचे आहेत, हे लक्षात राहते.
- हप्त्याचे पैसे रोज बाजूला काढा. समजा, १५,००० रुपयांचे कर्ज १२ महिन्यांसाठी वार्षिक १२ टक्के दराने घेतले. घटत्या शिल्लक रकमेवरील व्याजाने महिन्याचा हप्ता सुमारे १,३३३ रुपये येतो. महिन्यात २५ दिवस धंदा होत असेल, तर रोज ५५ रुपये बाजूला टाकले की हप्ता भरता येतो. महिन्याच्या शेवटी एकदम १,३३३ रुपये उभे करणे मात्र अवघड जाते.

चूक २: विक्रीलाच कमाई समजणे

समजा, तुमची पोह्यांची गाडी आहे. २५ रुपयांप्रमाणे दिवसाला ६० प्लेट विकल्या जातात. गल्ल्यात १,५०० रुपये येतात. त्यातला खर्च असा:

- पोहे, तेल, कांदा, शेंगदाणे, शेव इत्यादी: ७२० रुपये
- गॅस: १२० रुपये
- कागदी प्लेट आणि चमचे: ६० रुपये
- माल आणण्याचा प्रवास, पाणी, दिवा आणि साफसफाई: १०० रुपये

एकूण खर्च १,००० रुपये. उरले ५०० रुपये. यातच तुमची मजुरी, मदतीला येणाऱ्या घरच्या माणसाची मजुरी आणि कर्जाचा हप्ता आहे. म्हणजे घरी न्यायचा आकडा १,५०० नाही, ५०० सुद्धा नाही. हप्त्याचे ५५ रुपये काढले की ४४५ रुपये उरतात. प्लेट उरल्या, माल खराब झाला, पावसामुळे गाडी लागली नाही, तर यातूनही कमी होतात.

ही मांडणी स्वतःच्या धंद्यासाठी एकदा कागदावर करा. घरच्या माणसांची मेहनत फुकट धरू नका. उद्या त्यांच्या जागी कामगार ठेवावा लागला, तर धंदा परवडेल का, हे त्यावरूनच कळते.

चूक ३: शेजाऱ्याने दर कमी केला म्हणून आपणही कमी करणे

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. एका प्लेटमागे माल, गॅस आणि प्लेट-चमचा मिळून १५ रुपये खर्च येतो. २५ रुपये दर असताना प्लेटमागे १० रुपये सुटतात. शेजारच्या गाडीमुळे तुम्ही दर २० रुपये केला, तर ५ रुपयेच सुटतात. आधीइतकीच रक्कम हाती यायला ६० ऐवजी १२० प्लेट विकाव्या लागतील. सकाळच्या त्याच तीन तासांत, तेवढ्याच माणसांनी दुप्पट प्लेट देणे शक्य आहे का, याचा आधी विचार करा.

दर कमी करण्याआधी दुसरे काही करता येईल का, ते पाहा. जागा स्वच्छ ठेवणे, वेळ पाळणे, अर्धी प्लेट १५ रुपयांना देणे, सोबत चहा ठेवणे. अर्ध्या प्लेटचा खर्चही आधी मोजा. मालाचे भाव वाढल्यावर दर तसाच ठेवणे हीसुद्धा याच प्रकारातली चूक आहे. कांदा, तेल, गॅस यांचे भाव बदलले की महिन्यातून एकदा हिशेब पुन्हा मांडा.

चूक ४: उधारीला मर्यादा नसणे

ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधार नाही म्हणणे कठीण असते. पण उधारीत गेलेला माल तुम्ही रोख पैसे देऊन आणलेला असतो. प्लेटमागे १० रुपये सुटत असतील आणि २५ रुपयांची एक प्लेट बुडाली, तर त्या प्लेटवर खर्च झालेले १५ रुपये भरून काढायला दीड प्लेट जास्त विकावी लागते.

- एका गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त किती उधार द्यायचे, ते ठरवा आणि घरच्यांनाही सांगा.
- उधारी तोंडी ठेवू नका. तारीख, नाव आणि रक्कम वहीत लिहा. शक्य असल्यास गिऱ्हाइकाची सही घ्या.
- जुनी बाकी आल्याशिवाय नवीन उधार देऊ नका.
- पगाराच्या तारखेला आठवण करा. भांडण करू नका, पण आठवण करायला संकोचही करू नका.
- घाऊक व्यापाऱ्याकडून तुम्ही घेतलेल्या उधारीचे पान वेगळे ठेवा. रोखीत घेतल्यास दर कमी लागतो का, हे जरूर विचारा.

चूक ५: कर्जाचा पैसा दुसरीकडे वापरणे

भांडवलासाठी मिळालेले पैसे लग्नात, मोबाइल घेण्यात किंवा जुनी उसनवारी फेडण्यात गेले, तर हप्ता फेडणारी विक्री तयारच होत नाही. सगळी रक्कम एकाच हंगामी मालात घालणेही धोक्याचे आहे. राख्या, पणत्या, रंग-पिचकाऱ्या, छत्र्या यांचा खप काही दिवसांचाच असतो. उरलेला माल वर्षभर पडून राहतो, हप्ता मात्र दर महिन्याला असतो. हंगामी माल थोडा घ्या आणि विक्री पाहून पुन्हा आणा.

दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर कर्ज घेऊ नका. बायकोच्या नावावर कर्ज आणि पैसे नवऱ्याच्या किंवा दिराच्या हातात, असे अनेक घरांत होते. हप्ता थकला तर बँकेच्या नोंदीत नाव बायकोचे लागते आणि उद्या तिला स्वतःच्या शिवणयंत्रासाठी कर्ज हवे असेल, तर तिलाच नकार मिळतो. ताई, तुमच्या नावावर कर्ज असेल, तर पासबुक आणि एटीएम कार्ड तुमच्याजवळच असू द्या.

चूक ६: हप्ता 'थोडा उशिरा दिला तर काय होते' असे समजणे

पीएम स्वनिधीत नियमित फेड करणाऱ्यास ७ टक्के व्याज अनुदान खात्यात मिळते. वरच्या उदाहरणात १५,००० रुपयांवर वर्षभराचे व्याज सुमारे ९९३ रुपये होते. त्यातले साधारण ५८० रुपये अनुदानातून परत येतात. खाते थकीत गेले तर हे अनुदान मिळत नाही आणि पुढच्या टप्प्याचे कर्जही अडते. दुसरे कर्ज फेडलेल्यांसाठी असलेल्या यूपीआय जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डापर्यंतही पोहोचता येत नाही.

आता याची तुलना रोजच्या व्याजाने पैसे देणाऱ्याशी करा. सकाळी ९०० रुपये घ्यायचे आणि संध्याकाळी १,००० रुपये परत द्यायचे, असा व्यवहार महिन्यात २५ दिवस केला, तर व्याजापोटी २,५०० रुपये जातात. बँकेच्या १५,००० रुपयांवरील वर्षभराच्या व्याजापेक्षा ९०० रुपयांवरील एका महिन्याचे हे व्याज अडीच पट आहे. वेळेवर हप्ता भरणे म्हणजे या व्यवहारातून बाहेर पडणे.

- हप्त्याच्या तारखेच्या दोन दिवस आधी खात्यात पैसे ठेवा. शिल्लक नसल्याने हप्ता परत गेला, तर बँक दंड लावू शकते.
- आजारपण, अपघात किंवा पुरामुळे हप्ता भरता येणार नसेल, तर तारीख उलटण्याआधी शाखेत जाऊन सांगा. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. फोन बंद करून बसू नका. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की बँक ते खाते अनुत्पादित धरते.
- पैसे हातात असतील तर कर्ज मुदतीआधी फेडता येते. पीएम स्वनिधीत त्यासाठी दंड नाही.
- वर्षातून एकदा स्वतःचा पत अहवाल पाहा. प्रत्येक पतमाहिती कंपनी वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत देते. फेडलेले कर्ज बाकी दिसत असेल, तर लगेच दुरुस्तीची मागणी करा.

चूक ७: न वाचता सही करणे आणि मध्यस्थाला पैसे देणे

कर्ज घेताना बँकेकडे किंवा वित्त कंपनीकडे 'मुख्य तथ्य विवरण' मागा. त्यात व्याज, शुल्क, हप्ता आणि सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. हे विवरण कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे अपेक्षित आहे. तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहत असाल आणि स्थानिक लिपी वाचता येत नसेल, तर तसे स्पष्ट सांगा. समजल्याशिवाय सही करू नका.

उद्यम नोंदणी मोफत आहे. मिळतीजुळती नावे असलेल्या खासगी संकेतस्थळांवर पैसे भरू नका. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन'ने संपतो. 'कर्ज मंजूर झाले, आधी प्रोसेसिंग फी पाठवा' असा फोन किंवा संदेश आला, तर तो फसवणुकीचा समजा. पॅन नसलेल्या अगदी लहान उद्योगांसाठी उद्यम असिस्ट मंचावरून नोंदणीची सोय आहे.

चूक ८: कागदपत्रे अडचण आल्यावर शोधणे

- पथविक्रेत्यांनी विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र घ्यावे. ते नसेल, तर नगरपालिका, महानगरपालिका किंवा नगर पथविक्रेता समितीकडे शिफारसपत्रासाठी अर्ज करता येतो.
- पथविक्रेता कायदा २०१४ नुसार जागा बदलण्यासाठी ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. माल जप्त केला तर मालाची यादी देणे बंधनकारक आहे. ती मागून घ्या. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत सोडायचा असतो. नियमाप्रमाणे शुल्क भरावे लागते. त्याची पावती घ्या.
- खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी एफएसएसएआय नोंदणी करावी आणि क्रमांक दर्शनी भागात लावावा.
- वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरतपासणी १२ महिन्यांनी आणि साध्या वजनांची २४ महिन्यांनी करावी लागते.
- सर्व कागदांचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. मूळ प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत घरी ठेवा.

चूक ९: डिजिटल व्यवहारात गाफील राहणे, किंवा भीतीने ते बंद करणे

पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला, तर पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. स्वतःच्या मोबाइलवर किंवा आवाज देणाऱ्या यंत्रावर खात्री करूनच माल द्या. रोज सकाळी क्यूआर कोडवर दुसऱ्याचा स्टिकर चिकटवलेला नाही ना, हे पाहा. फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

यूपीआय घेतल्यास जीएसटी लागतो, ही समजूत चुकीची आहे. नोंदणीची गरज वर्षाच्या एकूण विक्रीवर ठरते. विक्री रोख झाली की यूपीआयने, याने फरक पडत नाही. फक्त माल विकणाऱ्यांसाठी बहुतेक राज्यांत ही मर्यादा ४० लाख रुपये आहे. सेवा देणाऱ्यांसाठी ती २० लाख रुपये आहे आणि तयार जेवण-नाश्ता यातच येतो. काही राज्यांत मर्यादा कमी आहे. रोजची विक्री सरासरी ५,५०० रुपये असेल, तर वर्षाला सुमारे २० लाख होतात. ताज्या भाज्या आणि फळे करमुक्त असल्याने फक्त असा माल विकणाऱ्यास नोंदणी लागत नाही. २०२५ मध्ये कर्नाटकात अनेक लहान व्यापाऱ्यांना यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून नोटिसा आल्या. अशा वेळी कोणती रक्कम विक्रीची आणि कोणती घरगुती, हे दाखवायला वही आणि वेगळे खाते उपयोगी पडते.

पीएम स्वनिधीत किरकोळ आणि घाऊक डिजिटल व्यवहारांवर १,६०० रुपयांपर्यंत कॅशबॅकची सोय आहे. शिवाय खात्यावरील व्यवहार पाहून बँकेला तुमच्या धंद्याचा आकार कळतो.

चूक १०: विमा न घेणे

लहान धंद्यात माणूस आजारी पडला की दुकान बंद होते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते (वय १८ ते ७०). जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचे आयुर्विमा संरक्षण मिळते (वय १८ ते ५०). दोन्ही विम्यांचे वर्ष १ जून ते ३१ मे असते. मे महिन्याच्या शेवटी खात्यात शिल्लक नसेल, तर विमा खंडित होतो. त्या आठवड्यात ५०० रुपये खात्यात राहू द्या आणि घरच्यांना विम्याची माहिती द्या.

रोजची दहा मिनिटे

धंदा बंद केल्यावर एका वहीत पाच ओळी लिहा:

१. आजची विक्री: रोख किती, यूपीआय किती
२. मालावर आणि इतर खर्च
३. उधार दिले आणि वसूल झाले
४. घरी नेलेले पैसे
५. हप्त्यासाठी बाजूला काढलेले पैसे

लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून लिहून घ्या. तीन महिने अशी वही ठेवली, की कोणत्या वारी माल जास्त लागतो आणि कोणता माल पडून राहतो, हे दिसू लागते. पुढचे कर्ज मागताना ही वही सोबत न्या.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: मी दुसऱ्या राज्यातून येऊन इथे गाडी लावतो. मला पीएम स्वनिधीचा लाभ मिळेल का?
उत्तर: तुम्ही जिथे व्यवसाय करता, तिथल्या स्थानिक संस्थेचे विक्री प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा शिफारसपत्र महत्त्वाचे असते. आधी तिथल्या पालिका कार्यालयात चौकशी करा.

प्रश्न: एक हप्ता चुकला. आता पुढचे कर्ज कधीच मिळणार नाही का?
उत्तर: तसे नाही. थकलेली रक्कम लवकर भरा आणि खाते नियमित करा. उशीर जितका वाढेल, तितकी अडचण वाढते.

प्रश्न: बँक मुद्रा कर्जासाठी दागिने किंवा घराचे कागद मागत आहे. काय करावे?
उत्तर: या कर्जाला तारण लागत नाही. शाखा व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

प्रश्न: आधीच सावकाराचे कर्ज आहे. नव्या कर्जातून ते फेडू का?
उत्तर: सगळी रक्कम त्यात घालू नका, नाहीतर माल आणायला पैसे उरणार नाहीत आणि दोन्हीकडची देणी अंगावर येतील. आधी माल घ्या. रोजच्या उरलेल्या पैशातून सर्वांत जास्त व्याजाचे देणे आधी कमी करा आणि बँकेचा हप्ता चुकू देऊ नका.

महत्त्वाची सूचना: योजनांचे नियम, रकमा आणि मुदती वेळोवेळी बदलतात. अर्ज करण्याआधी जवळची बँक शाखा, पालिका कार्यालय किंवा सामायिक सेवा केंद्रात चालू नियम विचारून घ्या.